खेळातला स्व : प्रभाकर पाचपुते यांच्या शिल्पदृष्टीचा एक विचार

१

पुणे शहरात 'शिल्प' या शब्दाला 'पुतळा' हा पर्याय केव्हाच रूढ होऊन बसला आहे. आज श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात असलेला, वि. पां. करमरकर यांनी घडवलेला आणि १९२८ साली अनावृत झालेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा हा या रूढीतला सर्वोत्कृष्ट नमुना होय. त्याचे कलात्मक मोल वादातीत आहे. परंतु त्याच्यामागून चौकाचौकांत जे पुतळे उभे राहिले, त्यांनी शिल्पाकडे पाहण्याची एक ठरावीक सवय नागरिकांच्या डोळ्यांना लावली. पुतळा चौथऱ्यावर असतो. त्याच्याकडे मान वर करून पाहायचे असते, त्याला हात लावायचा तो हार घालण्यापुरता. तो ज्याचा असतो त्या व्यक्तीविषयीचा निर्णय झालेला असतो आणि त्या निर्णयावर धातूचा शिक्का उमटलेला असतो. 'हा कोण?' या प्रश्नाला पुतळा वाव ठेवत नाही.

पुतळ्याच्या अगदी विरुद्ध टोकाला खेळणे असते. खेळणे जमिनीवर असते, हातात येते, उलटेपालटे करता येते. मुलाने बाहुलीचे डोके काढून तेथे शेंगेचे टरफल बसवले तर बाहुली मोडली असे मूल मानत नाही. तिला दुसरे काहीतरी होता आले असे मानते. पुतळ्यात ओळख पक्की होते, खेळण्यात ती सतत बदलत राहते. मराठी कलाविचारात शिल्पाची चर्चा झाली ती बहुधा पहिल्या टोकाकडून. दुसऱ्या टोकाकडून शिल्पाकडे पाहिले तर काय दिसेल, हा प्रश्न प्रभाकर पाचपुते यांच्या कामामुळे अटळ झाला आहे.

पाचपुते यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या गावी झाला. खैरागढच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयातून त्यांनी २००९ साली शिल्पकलेची पदवी घेतली आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून २०११ साली त्याच विषयातील पदव्युत्तर पदवी. त्यांचे वास्तव्य पुण्यात आहे. कोळशाने भिंतीवर काढलेली प्रचंड रेखाटने, घडीव आकृती, स्टॉप-मोशन पद्धतीची चलच्चित्रे आणि अलीकडच्या काळातील मोठे कॅनव्हास असा त्यांच्या कामाचा विस्तार आहे. माध्यमे अनेक असली तरी त्यांमागची दृष्टी शिल्पकाराची आहे. कारण या सर्व माध्यमांत एकच क्रिया वारंवार घडते : शरीराचा एक भाग काढायचा आणि त्याच्या जागी दुसरी वस्तू बसवायची. माणसाच्या धडावर शिराऐवजी दिवा येतो, अवजार येते, यंत्राचा भाग येतो, कधी एखादा प्राणीच येतो. प्रथमदर्शनी ही गंमत वाटते, आणि ती गंमत आहेही. परंतु या गमतीचा आत्मशोधाशी असलेला संबंध आनुषंगिक नाही. ज्याच्या पायाखालची भूमीच हलवली गेली आहे अशा 'स्व'चा अभ्यास खेळाच्या रीतीवाचून करता येत नाही, असे या कामाचे एकंदर म्हणणे दिसते. त्या म्हणण्याची तपासणी करणे हा येथील हेतू आहे.

२

सास्ती हे गाव राजुरा तालुक्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात आहे. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्यात होता. भाषावार पुनर्रचनेत तो मराठी मुलखाला जोडला गेला. वर्धा खोऱ्यातील दगडी कोळशाचे उत्खनन एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याच्या परिसरात सुरू झाले, पुढे बल्लारपूर आणि राजुऱ्याच्या बाजूस पसरले. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ पासून या पट्ट्यातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स या कंपनीच्या ताब्यात आल्या. भुयारी खाणीत माणूस जमिनीच्या पोटात उतरतो, वरची शेती निदान काही काळ जागेवर राहते. उघड्या खाणीत मात्र शेतच उचलले जाते. आधी वरची माती, मग तिच्याखालचे थर, मग कोळसा. आणि उपसलेल्या मातीचे जे डोंगर उभे राहतात ते गावाच्या क्षितिजाचा आकारच बदलून टाकतात. पाचपुते यांच्या कुटुंबाच्या पिढ्या या खाणींशी जोडलेल्या आहेत. शेतकरी आणि खाणकामगार हे त्यांच्या कामात दोन वेगळे वर्ग म्हणून येत नाहीत. एकाच शरीराच्या दोन अवस्था म्हणून येतात.

येथे मराठी भाषेने कलावंताला दिलेली एक सोय लक्षात घ्यायला हवी. इंग्रजीत खाणीतून निघणाऱ्या कोळशाला एक शब्द आहे आणि चित्रकाराच्या हातातील कांडीला दुसरा. वस्तू म्हणूनही त्या भिन्न आहेत : एक कोट्यवधी वर्षे दाबली गेलेली वनस्पती, दुसरी काल-परवा भाजलेली डहाळी. मराठीत 'दगडी' आणि 'लोणारी' ही विशेषणे गळाली की दोहोंना 'कोळसा' हा एकच शब्द उरतो. पाचपुते यांच्या रेखाटनातील कोळसा हा विषयही आहे आणि साधनही, हे विधान परदेशी समीक्षेत एक चमत्कृती म्हणून येते. मराठी वाचकाला ती चमत्कृती वाटण्याचे कारण नाही, कारण हे ऐक्य भाषेतच आधीपासून आहे. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' या म्हणीत कोळसा हे निरर्थक श्रमाचे उदाहरण ठरले आहे. पाचपुते नेमका तोच कोळसा उगाळत राहतात, आणि त्या काळेपणात छटा असतात हे दाखवतात.

याहून खोल असा दुसरा एक संदर्भ जुन्या गावरचनेतून मिळतो. मराठी गावाची विभागणी 'काळी' आणि 'पांढरी' अशी होत आली आहे. पिकाची जमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे ही परिभाषा अभ्यासकांच्या परिचयाची आहे. काळीत माणूस राबतो, पांढरीत तो नांदतो, आणि या दोहोंचे नाते टिकले तर गाव टिकते. उघड्या खाणीने हे नातेच मोडून काढले : काळी उपसली गेली, पांढरी सरकवली गेली. आता कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या कोळशाने काढलेली रेखाटने या परिभाषेत पाहिली तर त्यांचा अर्थ पालटतो. पांढरीवर काळी पसरत जाते, भिंतीच्या कडेपर्यंत जाते, आणि प्रदर्शन संपले की भिंत पुन्हा पांढरी केली जाते. द. ग. गोडसे यांनी 'पोत' (१९६३) या पुस्तकात कलाकृतीचा पोत आणि संस्कृतीचा पोत यांचे जे नाते शोधले, त्याची येथे आठवण व्हावी. पाचपुते यांच्या रेखाटनाचा भुरभुरीत, बोटाला लागणारा, फुंकरीने उडणारा पोत हा सास्तीच्या हवेचा पोत आहे. तो भूमीचे चित्र काढत नाही. भूमीची धूळ कलादालनात आणून ठेवतो.

३

शिराच्या जागी अवजार बसवण्याच्या क्रियेचा अर्थ लावताना सहज सुचणारे उत्तर 'अतिवास्तववाद' हे आहे. युरोपातील अतिवास्तववाद्यांनी असंबद्ध वस्तू शेजारी आणल्या त्या स्वप्नाच्या तर्काने. पाचपुते यांना २०२२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत स्थान मिळाले, तेथील मुख्य प्रदर्शनाचे शीर्षकच लिओनोरा कॅरिंग्टन या अतिवास्तववादी चित्रकर्तीच्या मुलांसाठीच्या पुस्तकावरून घेतलेले होते; तेव्हा हा शिक्का अधिकच पक्का झाला असणार. तरीही तो अपुरा आहे. पाचपुते यांच्या आकृतींत स्वप्नाचा तर्क कमी आणि भाषेचा तर्क अधिक आहे.

संस्कृत साहित्यशास्त्राने शब्दशक्तींचा विचार करताना लक्षणेची पहिली अट सांगितली ती मुख्यार्थबाधाची. शब्दाचा सरळ अर्थ जुळत नाही, म्हणून आपण लक्ष्यार्थाकडे वळतो. 'त्याच्या पायाखालची जमीन सरकली' हे वाक्य ऐकताच पुण्यातला श्रोता लक्ष्यार्थ घेतो, कारण जमीन सरकत नसते. सास्तीतल्या श्रोत्याला मात्र मुख्यार्थाचा बाध होत नाही. तेथे जमीन खरोखरच सरकलेली आहे. यंत्राने उचलून ती दुसरीकडे रचून ठेवली आहे. जी बाब इतरांसाठी वाक्प्रचार आहे ती तेथे निव्वळ वृत्तांत आहे. 'डोकी मोजणे', 'दरडोई उत्पादन' हे शब्दप्रयोगही असेच. व्यवस्थापनाच्या हिशेबात माणूस हा एक डोई असतो. त्या डोईत काय आहे याच्याशी हिशेबाला कर्तव्य नसते, तिने कोणते काम करायचे याच्याशी असते. मग डोईच्या जागी ते कामच बसवले तर? दिवा धरणाऱ्याच्या धडावर दिवा, खणणाऱ्याच्या धडावर खणण्याचे साधन. पाचपुते यांनी केले ते एवढेच : लक्ष्यार्थाकडे न जाता वाच्यार्थावर हटून बसायचे. मूल जसे मोठ्यांच्या वाक्प्रचाराला शब्दशः धरते आणि मोठ्यांची अडचण करते, तसा हा खेळ आहे. त्यात विनोद आहे, आणि हा विनोद ज्याच्या विरुद्ध जातो तो हिशेबही त्यातून स्पष्ट दिसतो.

२०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउस इनिशिएटिव्ह येथे झालेल्या त्यांच्या पहिल्या एकल प्रदर्शनाचे शीर्षक कोळशाच्या खाणीतील कॅनरी पक्ष्यावरून घेतले होते. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून ब्रिटिश खाणींत हा पक्षी पिंजऱ्यातून नेला जाई. तो गळून पडला की माणसे बाहेर पडत. या पक्ष्याला खाणीतून निवृत्त करून त्याच्या जागी यंत्र आणण्याचा निर्णय ब्रिटनमध्ये १९८६ साली जाहीर झाला, म्हणजे कलावंताच्या जन्मवर्षी. या योगायोगाला अवास्तव महत्त्व देऊ नये. पण 'खाणीतला कॅनरी' हा इंग्रजीतला घासून गुळगुळीत झालेला वाक्प्रचार आहे आणि पाचपुते त्यालाही वाच्यार्थाने घेतात, हे येथे महत्त्वाचे. धोक्याची सूचना देण्यासाठी ज्याने मरायचे असते तो कोण, हा प्रश्न वाक्प्रचारातून गळालेला असतो. तो ते परत आणतात. पुढच्या वर्षी, २०१३ साली, कोलकात्याच्या एक्स्पेरिमेंटर या कलादालनातील प्रदर्शनाला त्यांनी 'जमीन खाणारे' अशा अर्थाचे शीर्षक दिले. मराठीत 'जमीन खाल्ली', 'पैसा खाल्ला' ही क्रियापदे रोजच्या वापरातली आहेत. तेथेही रीत तीच : खाणे या क्रियेला तोंड आणि पोट द्यायचे, आणि मग काय दिसते ते पाहायचे.

या रीतीला मराठी परंपरेत नाव आहे. ते नाव 'सोंग'. एकनाथांच्या भारुडांत बोलणारा कधी जोशी होतो, कधी भुत्या, कधी जोगवा मागणारी स्त्री. हे सोंग करमणुकीसाठी घेतलेले असते आणि त्याच वेळी आत्मज्ञानाच्या दिशेने जाणारे असते. दुसऱ्याचे रूप घेतल्याखेरीज स्वतःकडे पाहता येत नाही ही त्यामागची धारणा. विदर्भातील लोकाचारांतही या धारणेचे ऐहिक रूप आढळते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. त्याच दिवशी नागपुरात मारबती निघतात आणि त्यांच्यासोबत बडगे, म्हणजे चालू काळातील अनिष्टांची व्यंग्यरूपे. खेळणे, प्राणी, श्रम आणि टीका एका दिवसात, एका रस्त्यावर एकत्र येतात. पाचपुते यांनी हे सर्व जाणीवपूर्वक उचलले असे म्हणण्याची गरज नाही. त्यांची आकृती ज्या दृश्यभाषेत वाचली जाऊ शकते ती भाषा पॅरिसहून आयात करावी लागत नाही, एवढेच येथे सुचवायचे आहे.

४

आता आत्मशोधाचा प्रश्न. आधुनिक मराठी दृश्यकलेत आत्मशोधाचा सर्वांत चिकाटीचा प्रयत्न प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांनी केला, याविषयी दुमत होऊ नये. पूर्वोल्लेखित करमरकर हे त्यांचे नात्याने आजोबा लागत. म्हणजे पुतळ्याची परंपरा त्यांच्या घरातच होती. बरवे यांनी मात्र पुतळ्याचा नव्हे, रिकाम्या अवकाशाचा ध्यास घेतला. त्यांनी वर्षानुवर्षे दैनंदिन्या लिहिल्या, रेखाटनवह्या ठेवल्या, आणि त्या चिंतनातून 'कोरा कॅनव्हास' (१९९०) हे पुस्तक सिद्ध झाले. चित्रकाराने मराठी गद्यात स्वतःच्या पाहण्याचा घेतलेला हा शोध वाङ्मय म्हणूनही मोलाचा आहे. त्यांच्या चित्रांतील घड्याळ, पान, किल्ली, शिंपला या वस्तू आपला उपयोग विसरून अवकाशात स्थिरावतात. त्यांतही खेळ आहे. पण तो बुद्धिबळासारखा, शांत, एकट्याने मांडलेला.

बरवे यांच्या आत्मशोधाला एक पूर्वअट आहे : कोरेपण. पाहणारा 'स्व' काही काळ तरी जगापासून अलग होऊ शकतो, आपल्यासमोर कोरा अवकाश मांडू शकतो, आणि त्या अवकाशात वस्तू कशी प्रकटते याचा साक्षी होऊ शकतो. ही पूर्वअट खोटी नाही. पण ती सर्वांना उपलब्ध नाही. ज्याच्या घराण्याची ओळख जमिनीच्या मालकीने, मग जमिनीच्या जाण्याने, मग खाणीतल्या पाळीने ठरत आली, त्याच्यासमोर कोरा कॅनव्हास नसतो. त्याच्यासमोर आधीच लिहिली आणि पुसली गेलेली भिंत असते. मराठी साहित्यात हा फरक दृश्यकलेपेक्षा आधी उमटला. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या आत्मकथनांनी आत्मचरित्राचा रूपबंध बदलला तो याच कारणाने : तेथील 'मी' हा वस्ती, जात, श्रम आणि भूक यांपासून सोलून वेगळा काढता येत नव्हता. व्यक्तीचा इतिहास लिहायला बसले की समूहाचा इतिहास लिहावा लागत होता. पाचपुते यांची सामाजिक भूमी या लेखकांहून वेगळी आहे, तेव्हा येथे तादात्म्य सुचवायचे नाही. साम्य आहे ते रूपबंधाच्या प्रश्नात. त्यांच्या कामात कलावंताचे स्वचित्र मध्यवर्ती नाही, आणि तरीही ते सारे काम आत्मचरित्रात्मक आहे.

चेहरा नसलेल्या आकृतीतून आत्मचरित्र कसे होते? याचे उत्तर खेळाच्या स्वरूपात मिळते. हान्स-गेओर्ग गाडामर यांनी 'सत्य आणि पद्धती' (१९६०) या ग्रंथात असे प्रतिपादन केले की खेळाचा खरा कर्ता खेळणारा नसून खेळ स्वतः असतो. खेळणारा खेळात ओढला जातो आणि खेळ त्याच्याद्वारे प्रकट होतो. या विचाराचा उपयोग येथे होतो तो असा : पाचपुते 'मी कोण' असा प्रश्न विचारून उत्तर शोधत नाहीत. ते आकृतीचे अवयव बदलत राहतात आणि कोणता अवयव कोठे बसतो, कोठे बसत नाही, हे पाहतात. एका आकृतीत कामगाराचे शिर दिवा होते, दुसरीत शेतकऱ्याचे शरीर जनावरात मिसळते, तिसरीत यंत्रालाच पाय फुटतात. यांपैकी कोणतीही आकृती अंतिम नसते. 'स्व' हा या सर्व अदलाबदलींच्या मधल्या फटीत असतो. पुतळ्याने जे एकदाच ठरवून टाकायचे असते, ते येथे पुन्हापुन्हा विचारले जाते. आणि २०१२ पासून एका तपाहून अधिक काळ हा प्रश्न त्याच भूमीभोवती फिरत राहिला आहे. या चिकाटीमुळेच त्याला अभ्यास म्हणावे लागते.

५

या कामावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला नैतिक आहे. विस्थापन, फुप्फुसांत साचणारी धूळ, जमिनीचा अपुरा मोबदला, हे विषय खेळाचे आहेत काय? योहान हॉइझिंगा यांनी १९३८ साली खेळाची जी व्याख्या केली तीत खेळ हा नित्याच्या जीवनापासून आखून वेगळा केलेला असतो, भौतिक हिताशी त्याचा संबंध नसतो. ही व्याख्या स्वीकारली तर खाणकामगाराच्या शरीराशी खेळणे हे त्याच्या दुःखाला कुंपणाबाहेर ठेवणे ठरेल. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात स्वायत्ततावाद आणि लौकिकतावाद या दोन ध्रुवांमधील जो ताण उलगडून दाखवला, त्याच ताणाचे हे एक उदाहरण आहे. खेळावर भर दिला तर कृती स्वायत्ततेकडे झुकते; खाणीवर भर दिला तर ती निवेदन किंवा निषेध होते.

पाचपुते यांच्या उत्कृष्ट कामांत हा ताण सुटत नाही, धरून ठेवला जातो. याचे कारण तेथे खेळ दुःखावर लादलेला नसतो. दुःख निर्माण करणाऱ्या व्यवस्थेनेच आधी माणसाशी अदलाबदलीचा खेळ मांडलेला असतो. शेताच्या बदल्यात नोकरी, डोईच्या बदल्यात पाळीची नोंद, गावाच्या बदल्यात आकडा : या अदलाबदली कलावंताने कल्पिलेल्या नाहीत. तो फक्त त्यांचे नियम उघडे करतो. व्यवस्थेच्या खेळात नियम लपवलेले असतात, कलेच्या खेळात ते दिसतात, हा भेद येथे निर्णायक आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना केवळ करुणेचा विषय करणारी वास्तववादी कला त्यांच्याकडून हसण्याचा अधिकार काढून घेते. पाचपुते यांच्या आकृती दयेची याचना करीत नाहीत. त्या अवघडलेल्या असतात, कधी हास्यास्पद असतात, पण चालत असतात.

दक्षिण आफ्रिकेतील विल्यम केंट्रिज यांच्याशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. कोळशाने रेखाटन करायचे, पुसायचे, पुन्हा काढायचे आणि त्यातून चलच्चित्र बनवायचे ही केंट्रिज यांची रीत सुविख्यात आहे. त्यांच्या 'माइन' (१९९१) या चलच्चित्रात खाणमालक अंथरुणात बसून कॉफी करतो, आणि कॉफीच्या भांड्यातला दट्ट्या खाली दाबताच तो ट्रे, पलंग आणि जमीन भेदून थेट खाणीत उतरतो. हीही अदलाबदलच आहे, आणि अत्यंत प्रभावी आहे. परंतु तेथील दृष्टी वरून खाली जाते. मालकाच्या शयनगृहातून कामगारांकडे. पाचपुते यांच्या कामातली दृष्टी खालून निघते. तेथे मालकाचा चेहरा महत्त्वाचा नाही. प्रश्न असा आहे की खालून वर आलेल्या माणसाला वर काय सापडते. शेत जागेवर आहे का? घर आहे का? नसेल तर तो वर आला म्हणजे नेमका कोठे आला?

दुसरा आक्षेप कलाव्यवहाराविषयीचा आहे आणि तो संपूर्णपणे परतवता येत नाही. २०१४ साली साओ पाउलो येथील एकतिसाव्या द्वैवार्षिकीत आणि त्यानंतर विविध देशांतील प्रदर्शनांत पाचपुते यांचे काम गेले. २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथे 'आर्टेस मुंडी' हा पुरस्कार त्या वर्षी निवडलेल्या सहाही कलावंतांना विभागून देण्यात आला, त्यांत ते होते. वेल्स हा स्वतः कोळशाच्या खाणींचा आणि त्या बंद पडण्याच्या दुःखाचा प्रदेश. तेथे सास्तीच्या आकृती परक्या वाटल्या नसणार. एका खाणप्रदेशाने दुसऱ्याला ओळखणे ही या कामाची मोठी कमाई आहे. परंतु प्रदर्शनांच्या या अखंड मागणीत एक धोका असतो. शिराच्या जागी वस्तू बसवण्याची क्रिया प्रथम शोध असते, मग शैली होते, शेवटी खूण होते. खूण झाली की ती ओळखता येते. आणि ओळखता येऊ लागलेला खेळ हा पुतळ्याच्या वाटेने निघालेला असतो. अलीकडच्या काही मोठ्या कॅनव्हासांविषयी ही शंका घ्यायला जागा आहे. भिंतीवरचा कोळसा बोटाला लागत होता, जागेचे खाचखळगे मान्य करीत होता, आणि पुसला जाणार हे ठाऊक असल्याने धीट होता. कॅनव्हासवर रंगाने तीच आकृती आली की ती टिकाऊ होते, नेता-आणता येते, संग्रहात जाऊ शकते. त्याबरोबर तिच्यातला 'पाहू या काय होते' हा भाव काहीसा उणावतो. संयोग अधिक गुंतागुंतीचे होतात, पण अदलाबदलीतला धक्का सौम्य होतो. कॅनव्हास वर्ज्य मानावा असा याचा अर्थ नाही. टिकाऊ माध्यमात तात्पुरतेपणा कसा राखायचा, हा शिल्पकारापुढील जुनाच प्रश्न आहे आणि पाचपुते यांना तो आता नव्याने सोडवावा लागणार आहे.

६

असे असूनही या कामाने मराठी समीक्षेपुढे जे ठेवले आहे त्याचे मोल कमी होत नाही. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी कलाकृतीच्या घाटाचा विचार केला; त्या विचाराने पाचपुते यांच्या आकृतींतील विरोधलय सांगता येईल, पण धडावर जे बसवले आहे ते अवजारच का, फूल का नाही, हे सांगता येणार नाही. उलट, केवळ सामाजिक आशय पाहणाऱ्या समीक्षेला खाण दिसेल, पण हसू का येते हे तिला समजणार नाही. वाच्यार्थ, सोंग, काळी-पांढरी या आपल्याच भाषेतील आणि लोकव्यवहारातील संकल्पना हाती घेतल्या तर घाट आणि आशय यांच्यामध्ये एक चालता येईल अशी वाट दिसते. दृश्यकलेची समीक्षा मराठीत दुबळी राहिली, तिचे एक कारण ती या संकल्पनांकडे वळली नाही हे असू शकेल.

पुण्यात पुतळ्यांची संख्या यापुढेही वाढेल. त्यांच्याच शहरात राहणारा एक शिल्पकार माणसाच्या धडावरचे शिर उतरवतो आणि तेथे दुसरे काहीतरी ठेवून पाहतो, ही घटना पुतळ्यांचा अवमान करीत नाही. ज्यांचा पुतळा कधी होणार नाही अशा माणसांसाठी शिल्पकला काय करू शकते, एवढाच प्रश्न ती विचारते. सास्तीच्या मातीचे डोंगर वर्षागणिक उंचावत आहेत. त्यांना चौथरा नाही, त्यांच्यावर कोणाचे नाव नाही. त्या डोंगरांच्या सावलीत उभे राहून स्वतःचा अभ्यास करायचा तर कोळशाची एक कांडी आणि मुलाची हट्टी शब्दशः दृष्टी ही दोन साधने पुरतात, असे या कामाने आजवर दाखवले आहे. ती पुढेही पुरतील किंवा नाही, हे त्याच्या पुढच्या भिंतींवर ठरेल.